क्वायर सोडू नकोस, रांगेतली जागा बदल

पत्र:

ताई, मी बावीस वर्षांची आहे. आजोबा रेल्वेच्या नोकरीमुळे नगरहून बडोद्याला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. नऊ वर्षांची असल्यापासून चर्चच्या क्वायरमध्ये गाते, अल्टो, म्हणजे मुलींच्या आवाजातली खालची, दुसरी ओळ (सेकंड्स). उपासना बहुतेक गुजराती आणि इंग्रजीत, महिन्यातून एक रविवार मराठी. दोन वर्षांपूर्वी शास्त्रीय शिकायला लागले. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एका स्पर्धेत एकटी गायले, राग भूप. सुरुवातीचा षड्ज (सा) लावायला मी इतका वेळ घेतला की तबलजींनी दोनदा माझ्याकडे बघितलं. शेवटी परीक्षक माईकवर म्हणाले, “आवाज कोरसमधला आहे.” गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, “मी आधीपासून सांगतोय, ते चर्चचं गाणं बंद कर.” आई म्हणते, देवाचं गाणं सोडून मिळवायचंय काय? ताई, तेरा वर्षं फुकट गेली का? क्वायर सोडू का?
– सेकंड्समधली


प्रिय सेकंड्समधली,

आधी त्या परीक्षकांचं बोलणं निस्तरू. पहिल्यांदा एकटी उभी राहिलेल्या मुलीला चारचौघांत, तेही माईकवर, असं बोलू नये. पण तुझ्याच पत्रातली तबलजींची गोष्ट वाचून मला वाटतं, त्यांना काहीतरी दिसलं होतं आणि ते नीट सांगता आलं नाही. तुझ्या आवाजात खोट आहे असं मला वाटत नाही. तुला सुरुवात करता येत नाही.

अल्टोत तेरा वर्षं काढलेल्या मुलीचं असं होणारच. आठवून बघ. कीबोर्डवर सूर मिळतो, क्वायरमास्तरांचा हात वर जातो, शेजारणीनं घेतलेला श्वास ऐकू येतो आणि मग तू गातेस. चाल सोप्रानोंची, म्हणजे वरच्या आवाजाच्या मुलींची, तुझी ओळ तिच्या खालून जाणारी. सवयीनं तू केसभर मागून येतेस आणि बाराजणींच्या रांगेत ते कुणाच्या कानाला कळतही नाही, उलट गोड वाटतं. स्टेजवर मात्र तू शेजारणीच्या श्वासाची वाट बघत बसलीस आणि शेजारी होता तो तबलजी.

हे मी इतकं ठामपणे लिहिते, कारण माझं बरोबर उलटं झालं होतं. आमचं घर दांडिया बाजारातलं. कोपऱ्यात तंबोरा, आठव्या वर्षापासून ख्याल, आणि आपल्याला गाता येतं हा तोरा त्याहून आधीपासून. शाळा मिशनची. नववीत असताना तिथल्या सिस्टरनी मला नाताळच्या क्वायरमध्ये घेतलं. दुसऱ्याच तालमीला मी ओळीच्या शेवटी एक छानशी मुरकी घेतली. सिस्टरनी हात खाली केला, सगळं थांबलं आणि त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “नाताळ तुझ्या एकटीचा नाही.” मग मला दोन थोराड मुलींच्या मधे उभं केलं आणि सांगितलं, डावीकडचीही ऐकू आली पाहिजे आणि उजवीकडचीही, इतक्याच आवाजात गा. मला ते तीन आठवडे जमलं नाही. एक तर मी स्वतःला ऐकत होते, नाहीतर त्यांना ऐकायला गेले की माझा सूर त्यांच्या सुरात जाऊन बसत होता. चौथ्या आठवड्यात एकदा, जेमतेम एका ओळीपुरतं, तिन्ही आवाज वेगवेगळे ऐकू आले आणि माझा माझ्या जागी राहिला. सहा वर्षांच्या शास्त्रीय तालमीत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. कसं शिकवणार, आमच्याकडे गाणारी एकटी असते.

तुला हे बाराव्या-तेराव्या वर्षीच आलं असेल, म्हणून तुला त्याची किंमत नाही. तुझ्या गुरुजींच्या मैफलीत त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या शिष्येकडे नीट बघ. गुरुजी श्वासाला थांबले की ती सूर धरते, ते परत आले की बाजूला होते, त्यांच्या आवाजावर आपला आवाज चढू देत नाही. क्वायरमधून आलेल्या मुलीला यातलं निम्मं येत असतं. गुरुजींना विचार, मागे बसू का म्हणून. क्वायर वाईट की चांगलं या वादापेक्षा तुला मागे बसलेली ऐकून त्यांना जास्त कळेल.

श्वासाचंही तसंच. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाण्याला भोक पडतं, म्हणून शेजारीण घेईल तेव्हा तू धरायचं, तू घेशील तेव्हा तिनं, आणि परत येताना सूर धक्का न देता लावायचा. हे तू न शिकता शिकलीस. एकटी गाताना झाकायला कुणी नसतं हे खरं, पण हळूच सूर लावण्याची ती सवय विलंबित ख्यालात सोन्यासारखी आहे.

आता जरा हिशेब कर. वर्षाचे पन्नास रविवार धरले तरी तेरा वर्षांत साडेसहाशे वेळा तू लोकांपुढे उभी राहून गायलीस. गाण्याच्या क्लासमधल्या मुलींना गुरुपौर्णिमेला एकदा आणि जमलं तर एखाद्या स्पर्धेत. तुझ्या साडेसहाशे वेळांत किती वेळा लाईट गेले असतील, कीबोर्डची वायर निघाली असेल, पुढच्या बाकावरचं पोर रडलं असेल. गाणं थांबलं का? मंडळी येते ती तुला गुण द्यायला येत नाही. चुकलीस तरी पुढच्या रविवारी त्याच जागी तुझीच वाट बघते. शिकणाऱ्याला असा श्रोता दुसरीकडे कुठे मिळतो ते मला तरी ठाऊक नाही.

माझ्या शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका वारल्या, तेव्हा मी फतेगंजच्या एका चर्चमध्ये गेले होते. कामाचा दिवस, दुपार, क्वायरमधले पाचच जण आलेले. त्यातली एक बाईंची भाची होती. दोन कडवी ती नीट गायली. तिसऱ्याला तिचा आवाज गेला, तोंड उघडं आणि आत काही नाही. तिच्या शेजारची मुलगी सोप्रानो गात होती. ती मानही न वळवता भाचीच्या ओळीवर उतरली आणि कडवं संपेपर्यंत तीच ओळ गात राहिली. वरची चाल तोवर मंडळी गातच होती. चौथ्या कडव्याला भाची परत आली, ही आपल्या जागी गेली. बहुतेकांना काही कळलंसुद्धा नसेल. मी गाण्यातली म्हणून मला कळलं, आणि त्या दिवशी मला रडू आलं ते नक्की कशाचं, हे अजून सांगता येत नाही.

अमेरिकेची मेरियन अँडरसन तुला माहीत असायला हवी, कारण तीही खालच्या आवाजाची. 1897 चा जन्म, फिलाडेल्फियाची. सहाव्या वर्षी चर्चच्या मुलांच्या क्वायरमध्ये गेली आणि सगळ्यात वरच्या सोप्रानोपासून सगळ्यात खालच्या बासपर्यंत चारही ओळी पाठ करून बसली. ज्या ओळीचा माणूस नाही, तिथे ही उभी. शिक्षकांची फी द्यायला घरात पैसे नव्हते, ते चर्चच्या लोकांनी वर्गणी काढून उभे केले. काळी म्हणून वॉशिंग्टनमध्ये तिला सभागृह नाकारलं, तेव्हा 1939 च्या ईस्टरच्या रविवारी ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायली. समोर 75,000 माणसं होती. चार ओळींतली कुठलीही उचलायची सवय असलेली ती बाई, रांगेतच वाढलेली.

पण तिनं चारही ओळी पाठ केल्या, तू एकच. आता तुझ्या कामाचं.

पहिली गोष्ट पट्टीची, म्हणजे ‘सा’ किती उंचीवर धरायचा त्याची. क्वायरमध्ये पट्टी पुस्तक ठरवतं आणि तू त्यात तुझी ओळ शोधतेस. त्यामुळे बावीस वर्षांची झालीस तरी स्वतःचा षड्ज कुठे आहे हा प्रश्न तुला कधी पडलाच नाही. क्लासमध्ये पेटी सगळ्या मुलींसाठी एकाच पट्टीत लावतात, बहुधा काळी चार किंवा पाच, म्हणजे पेटीवरची चौथी किंवा पाचवी काळी ‘सा’ धरून. खालच्या आवाजाच्या मुलीला तिथे तार सप्तकात मान ताणावी लागते, आणि ती ताणावी लागणार या धास्तीनं मधला षड्जसुद्धा दबकत लागतो. काळी तीन करून बघ, नाहीतर पांढरी चार. मंद्रातला पंचम आरामात भरतो का, तार गंधार न ओरडता लागतो का, या दोन गोष्टी बघायच्या. खालची पट्टी म्हणजे कमीपणा असं कुणी म्हणालं तर गंगूबाई हनगलांचं नाव घे. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर आवाज उतरला, तो त्यांनी उतरलेलाच ठेवला आणि त्याच आवाजावर आयुष्यभर मैफली जिंकल्या.

दुसरी गंधाराची, म्हणजे ‘ग’ची. तुझी कानाची तयारी कीबोर्डवर झालीय. कीबोर्डवरचे बाराही सूर सारख्या अंतरानं लावलेले असतात, कुठल्याही पट्टीत गाता यावं म्हणून. त्या सोयीची किंमत गंधार भरतो. कीबोर्डवरच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचे 100 भाग केले, तर कीबोर्डचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे 14 भाग चढा निघतो. पंचमाचा फरक जेमतेम दोन भागांचा, म्हणून तो बोचत नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप बोलतो तो स्वयंभू गंधार तुझ्या गुरुजींच्या कानात बसलेला आहे. त्यांच्यापुढे तू कीबोर्डचा गंधार लावलास तर त्यांना तो बेसूर नाही, पण परका वाटत असणार. आणि भूपात तर गंधारच वादी, म्हणजे रागातला मुख्य सूर. सारखं त्याच्यापाशीच यायचं.

गंमत अशी की याचं औषधही क्वायरमध्येच आहे. चार आवाजांच्या जुळणीत गंधार धरायचं काम पुष्कळदा अल्टोकडे येतं. पुढच्या तालमीला मास्तरांना विनंती कर, एक कडवं कीबोर्ड बंद करून घेऊ या. चांगली कानाची चार माणसं नुसती गायला लागली की गंधार आपोआप किंचित खाली येऊन बसतो आणि सगळ्या स्वरावलीला एकदम झळाळी येते. तो क्षण कानात पकड. घरी येऊन तंबोऱ्यावर, अॅपचा असला तरी चालेल, नुसता षड्ज-गंधार लाव. पंधरा मिनिटं, बाकी काही नाही.

तिसरी गोष्ट सुरुवातीची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. रांगेच्या मधे उभी राहू नकोस. टोकाला जा, टेनरच्या (पुरुषांतल्या वरच्या आवाजाच्या) बाजूला, म्हणजे एका कानाला तुझी ओळ गाणारं कुणी नसेल. महिन्या-दोन महिन्यांनी एका ओळीला एकच आवाज अशी चौघांची चौकडी करून विशेष गीत गा. चुकलीस तर अल्टो गेली असं सगळ्यांना कळेल, तेच हवंय.

आणि मग मराठी रविवार. तू त्याचा एका ओळीत उल्लेख करून पुढे गेलीस, मी तिथेच थांबले. तुमच्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं आहेत आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदंही आहेत. भाषांतरांत पुष्कळदा ऱ्हस्व अक्षरावर सूर लांबतो आणि दीर्घ अक्षर घाईत उरकतं, तुला गाताना जिभेला जाणवलं असेल. टिळक आधी कवी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तरी कान ओवी-अभंगाचाच राहिला. तुझ्या आजोबांच्या नगरातच त्यांची कितीतरी वर्षं गेली. त्यांची पदं चार आवाजांत मांडायची गरज नसते. पेटी, तबला, झांज, पुढे एकजण ओळ म्हणणार आणि मागून मंडळी. ती ओळ पुढे म्हणणारी तू हो. पाळकसाहेबांना सांग, पुढच्या मराठी रविवारी एक भजन मी चालवते. तिथे कुणाच्या श्वासाची वाट बघता येणार नाही, कारण अख्खी मंडळी तुझ्या श्वासाची वाट बघत असेल. एका वर्षात अशी बारा भजनं झाली की तो तबलजी दोनदा बघणार नाही.

तू स्टाफ नोटेशन वाचतेस की टॉनिक सोल्फा (दोन्ही गाणं कागदावर लिहायच्या पाश्चात्त्य पद्धती) ते लिहिलं नाहीस, पण वाचत असणारच. त्याबद्दल क्लासमध्ये कुणी नाक मुरडत असेल, तर सूरसागरसमोरच्या आपल्या संगीत महाविद्यालयाचं मूळ सांग. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गायनशाळा काढून मौलाबक्षांच्या हाती दिली, तेव्हा मौलाबक्ष मुलांना वर्गात बसवून, स्वरलिपी लिहून गाणं शिकवत. कागदावर गाणं मांडणं हे बडोद्याला बाहेरून आलेलं खूळ नाही. 1916 ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदसुद्धा इथेच भरली. अर्थात रागाला कागद पुरत नाही, हे गुरुजींचं म्हणणं मलाही मान्य आहे.

गुरुजींशी वाद घालू नकोस. एवढंच विचार, “चर्चमधल्या गाण्यानं माझ्या गाण्यात नेमकं काय येतं, जे तुम्हाला खटकतं?” ‘बंद कर’ याचं उत्तर देता येत नाही. ‘तुझा गंधार चढा लागतो’ किंवा ‘तू उशिरा येतेस’ याचं देता येतं. मला वाटतं या दोनांपैकीच काहीतरी निघेल. निघालं तर वरचे उपाय त्यांना दाखव, त्यांच्याकडूनच तपासून घे.

एका बाबतीत मात्र मी गुरुजींच्या बाजूची आहे. हल्ली काही चर्चमध्ये ड्रम, गिटार, मोठाले स्पीकर असतात आणि क्वायरच्या मुली त्या आवाजावर मात करायला घशातून ओरडतात. स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर गाऊ नये, देवासाठीही नाही. समोर मॉनिटर, म्हणजे आपलाच आवाज आपल्याला ऐकवणारा स्पीकर, मागून घे, तो नाहीच मिळाला तर त्या गाण्याला ओठ हलव आणि गप्प राहा. सिस्टरना हे आवडलं नसतं, मला चालेल. तसंच नाताळचं. डिसेंबरात घरोघरी कॅरल गायला रात्री बारा-बारापर्यंत थंडीत हिंडायचं आणि सकाळी सहाला खर्जाचा रियाझ, असं दोन्ही करू नकोस. त्या पंधरवड्यात गुरुजींकडे फक्त ऐकायला जा. आधी सांगून जा, म्हणजे त्यांना राग येणार नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही, ते तुम्हा दोघींचं आहे. क्वायर सोडायचीच वेळ आली, परीक्षेमुळे किंवा लग्नामुळे, तर सोड. पण परीक्षकांच्या एका वाक्याखातर नको.

आणि हो, त्या दिवशी षड्ज लागल्यावर पुढे पहिला कुठला सूर अडला, ते लिहायचं राहिलंय. माझा अंदाज गंधाराचा आहे. पुढच्या पत्रात कळव, पट्टी कुठली होती तेही.

तुझी,
ताई